माल घेऊन परतताना : अपघात एक, इजा वेगवेगळी का?

वऱ्हाडातील कापड व्यापाऱ्याचे अर्धे आयुष्य रस्त्यावर जाते. अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूरचे दुकानदार खरेदीसाठी अमरावतीला, नांदगाव पेठच्या ठोक बाजारात येतात. ईद, दिवाळी आणि लग्नसराईत चौघे मिळून एक गाडी करतात, दिवसभर माल पाहतात आणि रात्री उशिरा परततात. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झाले व गिनीज बुकात त्याची नोंद झाली. रस्ता सुधारला, तसा गाड्यांचा वेगही वाढला.

अपघाताची बातमी आली की आपले लोक तकदीर म्हणून गप्प बसतात. तकदीर आम्हीही मानतो. परंतु एकाच गाडीतील दोघे वाचतात आणि दोघे जातात, यामागे ठोस कारणेही असतात. लहान दुकानाचा मालक अंथरुणाला खिळला तर उधारीची वही उलगडून सांगणाराही घरात कोणी नसतो. म्हणून ही कारणे व्यापाऱ्याने समजून घेतली पाहिजेत.

वेगाचा हिशेब

वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. ताशी ५० किलोमीटरने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून, तीन मजल्यांवरून पडणे. ताशी १०० ने आदळणे म्हणजे जवळजवळ ४० मीटरवरून पडणे. अमरावती-अकोला अंतर साधारण १०० किलोमीटर. ताशी १०० ऐवजी ८० ने गेलो तर एक तासाच्या वाटेत पंधरा मिनिटे जास्त लागतात, पण धडकेचा जोर एक तृतीयांशाहून अधिक कमी होतो. एवढा स्वस्त सौदा बाजारात दुसरा नाही.

बसण्याची जागा आणि पट्टा

मागची सीट सुरक्षित, तिथे पट्टा लागत नाही, असा समज घराघरात आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडी महागडी, मजबूत बांधणीची होती. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी दगावले. मागच्या दोघांनी पट्टा बांधला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले.

गाडी थांबते, पण पट्टा नसलेले शरीर त्याच वेगाने पुढे जात राहते. मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर आदळतो आणि त्यालाही जायबंदी करतो. एअरबॅग पट्ट्याची जोडीदार आहे, बदली नव्हे. मागे बसणाऱ्यालाही पट्टा कायद्याने सक्तीचा आहे. न बांधल्यास एक हजार रुपये दंड आहे.

धडक बाजूने बसली तर धोका वेगळा. समोर इंजिनाचा भाग दबून मार झेलतो. बाजूला फक्त दरवाजा असतो. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला अशीच धडक बसली. ते मागच्या सीटवर होते. बाहेरून मोठी जखम दिसत नव्हती, परंतु मानेला इजा झाली होती आणि यकृत फाटून आत रक्तस्राव झाला होता. रक्त दिसत नाही म्हणून माणूस ठीक आहे, असे समजू नये.

सीटवरचा गठ्ठा

ही बाब खास आपल्या धंद्याची. डिकी भरली की साड्यांचे गठ्ठे मागच्या सीटवर, काचेला टेकवून रचले जातात. ताशी ५० वर असलेली गाडी धडकेत अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर मोकळ्या वस्तूचा मार तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट होतो. वीस किलोचा गठ्ठा म्हणजे मानेवर चारशे किलो. माल ट्रान्सपोर्टने पाठवावा. सोबत आणायचाच तर डिकीत, नाहीतर सीटखाली घट्ट बसवून ठेवावा.

वय आणि वेळ

पन्नाशीनंतर हाडे ठिसूळ होतात. ज्या माराने तरुणाला मुका मार लागतो, त्याने आमच्या वयाच्या माणसाच्या बरगड्या मोडतात. म्हणून ज्येष्ठांनी पट्टा आधी बांधावा, पोरांना नंतर सांगावे.

अपघातानंतरचा पहिला तास फार मोलाचा. १०८ क्रमांकावर फोन करावा. आग किंवा तसाच धोका नसेल तर जखमीला ओढून काढू नये. मानेला इजा असल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते. मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांत अडकवता येत नाही. २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने त्याला संरक्षण दिले आहे.

आपण एकेका मीटरचा भाव घासून घेतो, बिल दोनदा तपासतो. व्यापारी बांधवांनी आता एवढे ठरवावे की गाडीतल्या प्रत्येकाचा पट्टा लागल्याशिवाय नांदगाव पेठेतून गाडी हलणार नाही. मालाचा तोटा पुढच्या सीझनला भरून निघतो. माणसाचा निघत नाही.