ब्रिटनमधला टीव्ही परवाना : दुकानदाराने काय जाणावे?

आमच्या लहानपणी वडीलधारी मंडळी रेडिओच्या परवान्याचे पुस्तक घेऊन पोस्टात फी भरायला जात. आपल्याकडे ती फी 1980च्या दशकात बंद झाली. ब्रिटनमध्ये मात्र 1922 साली रेडिओवर दहा शिलिंगांनी सुरू झालेली ही पद्धत टीव्हीवर आजही चालू आहे. कोकणातले आपले काही बांधव तिकडे आहेत, नवे जात आहेत. म्हणून हा खुलासा.

एप्रिल 2025मध्ये ही फी वर्षाला 174.50 पौंड झाली होती. पैसा बीबीसीकडे जातो. पण "आम्ही बीबीसी लावतच नाही, फक्त उर्दू चॅनेल बघतो" ही सबब चालत नाही. परवाना पेटीचा नसून पाहण्याचा आहे. कुठल्याही चॅनेलचा कार्यक्रम प्रसारणाच्या वेळीच पाहिला, मग तो मोबाइलवर का असेना, तर परवाना लागतो. बीबीसीच्या आयप्लेयरसाठी तो 1 सप्टेंबर 2016पासून लागतो. नुसती डीव्हीडी लावली तर लागत नाही.

दुकानदार चुकतो तो इथे. खाली दुकान, वर बिऱ्हाड असेल तर घरच्या परवान्यात दुकानातला टीव्ही येत नाही, दुकानासाठी वेगळा घ्यावा लागतो. नोकराने स्वतःच्या बॅटरीवर चालणाऱ्या मोबाइलवर सामना पाहिला तर त्याच्या घरचा परवाना पुरतो. तोच मोबाइल दुकानाच्या प्लगला लावून पाहिला तर पुरत नाही! कायदा करणाऱ्याने कधी गल्ल्यावर बसून पाहिले असेल असे वाटत नाही.

वसुली पत्त्यांच्या यादीवरून होते. ज्या पत्त्यावर परवाना नाही तिथे आधी पत्रे येतात, मग माणूस. तो पोलीस नव्हे. कोर्टाच्या वॉरंटशिवाय त्याला आत शिरण्याचा हक्क नाही, नको म्हटले तर त्याला परतावे लागते. आपण दिलेली उत्तरे तो लिहून घेतो व सही मागतो. तोच कागद पुढे पुरावा होतो, तेव्हा वाचल्याशिवाय सही करू नये.

विनापरवाना पाहणे हा फौजदारी गुन्हा आहे. दंड 1,000 पौंडांपर्यंत, खर्च वेगळा. इंग्लंड व वेल्समध्ये असे खटले बहुधा टपालानेच चालतात. 21 दिवसांत उत्तर गेले नाही तर मॅजिस्ट्रेट गैरहजेरीत निकाल देतो. इंग्रजी पत्र न वाचता बाजूला ठेवणाऱ्याला कळते ते दंडाचा आकडा आल्यावर. आणि जो टीव्ही पाहतच नाही, त्याने तसे कळवून टाकावे. त्याला फी नाही.