बीटल्सचा हरकाम्या

जानेवारी 1963. त्या हिवाळ्याने ब्रिटन अक्षरशः गोठवून टाकलं होतं. लंडनहून लिव्हरपूलला निघालेल्या व्हॅनची पुढची काच वाटेत अशी तडकली की समोरचा रस्ताच दिसेना. ड्रायव्हरने हॅट हाताला गुंडाळली, काचेवर बुक्की मारून भगदाड पाडलं आणि थेट तोंडावर येणारं वारं झेलत गाडी हाकली. मागे चार पोरं उबेसाठी एकमेकांवर आडवी पडली होती. वरचा कुडकुडला की तो खाली सरकायचा. व्हिस्कीची बाटली हातोहात फिरत होती.

ती चार पोरं म्हणजे बीटल्स. पण तेव्हा त्यांना रस्त्यात कोणी अडवत नसे. आणि ड्रायव्हर होता मॅल इव्हान्स. टपाल खात्यात टेलिफोन इंजिनिअर, रात्री ‘कॅव्हर्न क्लब’च्या दारावर पहारेकरी. नेहमीचा ड्रायव्हर तापाने फणफणला म्हणून तो बदलीवर आला होता. त्याच वर्षी त्याने सरकारी नोकरी सोडली आणि कायमचा बीटल्सकडे आला. घरी बायको-मूल असलेल्या माणसाने तेव्हा असली उडी घेणं म्हणजे वेडेपणाच होता.

तो तापाने पडलेला नेहमीचा ड्रायव्हर म्हणजे नील अ‍ॅस्पिनॉल. पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसनचा शाळासोबती. अकाउंटन्सीचं शिक्षण अर्धवट टाकून तो व्हॅन चालवायला लागला होता. पुढची काही वर्षं जगातल्या सर्वांत गाजलेल्या बँडचं सामान या दोघांच्या खांद्यावर होतं. 15 ऑगस्ट 1965 ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजार माणसांसमोर बीटल्स वाजवत होते, तेव्हाही बँडचे स्वतःचे रोडी, म्हणजे सामान वाहणारे-मांडणारे मदतनीस, म्हणून हे दोघंच. आज बऱ्यापैकी नाव असलेल्या कलाकाराच्या दौऱ्यातही नुसत्या गिटारींसाठी वेगळा माणूस असतो.

कामाची यादी कोणी लिहून दिली नव्हती, म्हणून ती संपतही नव्हती. अँप्लिफायर उचला, ड्रम मांडा, चहा आणा, मोजे आणा. मॅलजवळच्या पिशवीत गिटारच्या तारांपासून अ‍ॅस्पिरिनपर्यंत सगळं सापडायचं. चाहत्यांना द्यायच्या फोटोंवर चौघांच्या सह्याही पुष्कळदा हेच दोघं ठोकायचे, त्यामुळे जुन्या सह्या जमवणाऱ्यांची आजही पंचाईत होते. फेब्रुवारी 1964 मध्ये अमेरिकन टीव्हीवरच्या एड सुलिव्हनच्या कार्यक्रमाच्या तालमीला जॉर्जचा घसा बसला, तर त्याच्या जागी कॅमेऱ्यासमोर गिटार गळ्यात अडकवून नील उभा राहिला.

माझ्या मते मॅलची खरी किंमत कळते ती स्टुडिओत. जानेवारी 1967 मध्ये ‘अ डे इन द लाइफ’चं ध्वनिमुद्रण सुरू झालं. गाण्याच्या मध्ये चोवीस बार मोकळे ठेवले होते. तिथे काय वाजवायचं ते ठरलेलं नव्हतं. ती जागा चुकू नये म्हणून मॅलने एक ते चोवीस आकडे मोठ्याने मोजले आणि शेवटी गजराचं घड्याळ वाजवलं. नंतर त्या मोकळ्या जागेत ऑर्केस्ट्रा आला, पण घड्याळ तसंच राहिलं, कारण पुढचं कडवं नेमकं झोपेतून उठण्याचंच! लक्ष देऊन ऐकलं तर ऑर्केस्ट्राखाली मॅलचा मोजणारा आवाजही लागतो. गाण्याच्या शेवटी चाळीसहून अधिक सेकंद घुमणारा जो पियानोचा कॉर्ड आहे, तो दाबणाऱ्या हातांतही त्याचे हात होते. वाद्यवादनाचं शिक्षण नाही. जवळ उभा होता आणि सांगितलं ते केलं, एवढंच.

त्याच काळातल्या डायरीत त्याने लिहून ठेवलंय की ‘सार्जंट पेपर’ या अल्बममधल्या दोन गाण्यांना पॉलसोबत त्याचाही हातभार लागला. श्रेय मात्र लेनन-मॅकार्टनी या जोडीचंच राहिलं. मॅलने त्यावरून कधी कोर्टकचेरी केली नाही. मालकाशी मैत्री असली की हिशेब मागायला जीभ रेटत नाही, आणि मालकालाही त्याची सवय होते.

स्टुडिओबाहेर ही चाकरी कधी जिवावरही बेतायची. जुलै 1966 मध्ये मनिलात फिलिपिन्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी इमेल्डा मार्कोस यांच्या मेजवानीला बीटल्स गेले नाहीत. देशाचा अपमान झाला म्हणून दुसऱ्या दिवशी विमानतळावर जमावाने लाथाबुक्क्या घातल्या. मॅलही त्यात सापडला. विमानात बसल्यावर त्याला पुन्हा खाली बोलावण्यात आलं, तेव्हा आपण काही परत येत नाही असं समजून त्याने बायकोसाठी निरोप ठेवला. सुटका झाली. तिथून निघालेले बीटल्स उतरले ते दिल्लीत. कॅनॉट प्लेसच्या रिखी राम यांच्या दुकानातून वाद्यं घेतली. फेब्रुवारी 1968 मध्ये महेश योगींच्या हृषीकेशच्या आश्रमातही मॅल सोबत होता. बँडमधल्या रिंगोला तिथलं जेवण सोसेना, तेव्हा त्याच्यासाठी अंडी पैदा करायचं काम कोणाकडे आलं असेल, ते सांगायला नको.

30 जानेवारी 1969 ला लंडनमधल्या सॅव्हिल रोवरच्या आपल्या कार्यालयाच्या गच्चीवर बँड शेवटचं वाजवत असताना तक्रारीवरून पोलीस आले. पीटर जॅक्सनच्या ‘गेट बॅक’ मालिकेत हा प्रसंग नीट दिसतो: खाली पोलिसांना गोडीगुलाबीने घोळवणारा, आणि शेवटी वर जाऊन अँप्लिफायर बंद करणारा उंचापुरा मॅल. जॉर्जने रागाने तो पुन्हा चालू केला. दोन्हीकडून बोलणी खायची जागा नेहमी याचीच.

बँड फुटला तेव्हा मॅल आणि नीलच्या वाटा वेगळ्या झाल्या. नीलला हिशेबाची भाषा येत होती. 1968 मध्ये स्थापन झालेल्या बीटल्सच्या ‘अ‍ॅपल कॉर्प्स’ कंपनीची सूत्रं त्याने 2007 पर्यंत सांभाळली, भांडणाऱ्या चौघांचा विश्वास राखला, अमेरिकेतल्या अ‍ॅपल कॉम्प्युटरशी नावावरून वर्षानुवर्षं कोर्टात झुंजला आणि 1995 ची ‘अँथॉलॉजी’ ही माहितीपट-मालिका तडीस नेली. मॅलकडे विकण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. ‘बॅडफिंगर’ या बँडला त्याने अ‍ॅपलपर्यंत आणलं, त्यांचं ‘नो मॅटर व्हॉट’ त्याच्याच देखरेखीखाली ध्वनिमुद्रित झालं, पण कारकीर्द उभी राहिली नाही. घर सोडून तो लॉस एंजेलिसला गेला. जानेवारी 1976 मध्ये, मनाने पार खचलेला असताना, घरी बोलावलेल्या पोलिसांसमोर त्याने हातातली बंदूक खाली ठेवली नाही आणि पोलिसांच्या गोळ्यांनी तो मेला. वय चाळीस.

त्याच महिन्यात त्याच्या आठवणींचं हस्तलिखित प्रकाशकाकडे जायचं होतं. ते कागद 1988 मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका तळघरात सापडले, जॉन लेननची पत्नी योको ओनो हिच्या मदतीने कुटुंबाकडे परतले आणि त्यांच्या आधारे केनेथ वोमॅक यांनी लिहिलेलं चरित्र 2023 मध्ये आलं. नीलने मात्र आत्मचरित्र लिहिलंच नाही. 2008 मध्ये तो गेला तेव्हा चाळीस वर्षांच्या बंद दाराआडच्या गोष्टी त्याच्याबरोबरच गेल्या.