रात्री ओलित, दुपारी मालिका

साखरखेर्ड्याकडे रब्बीत शेतीची वीज रात्रीची आली की माणसं ओलिताला जातात. साडेआठची मालिका हुकते, ती दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइलवर बघून होते. मग गुरुवारी आकडे येतात, मालिकेचा टीआरपी घसरलेला असतो आणि पारावर निकाल लागतो: 'आता कोणी पाहतच नाही.'

पाहतात की! फक्त ते पाहणं या वहीत चढत नाही. टीआरपी म्हणजे टीव्हीवरच्या वाहिनीचा हिशेब. अ‍ॅपवर पाहिलेल्या भागाची नोंद अ‍ॅपवाल्याकडे होते, आणि ती टीआरपीत मिळवत नाहीत.

'डिश लावली की कंपनीला सगळं कळतं' हाही असाच समज. साधी छत्री उपग्रहाकडून फक्त घेते, उलट काही पाठवत नाही. मोजणी करते बार्क ही संस्था, देशभरातल्या निवडक ५० हजारांहून अधिक घरांत मीटर बसवून. वाहिनीच्या आवाजात कानाला न ऐकू येणारी खूण मिसळलेली असते, ती मीटर टिपतो. घरातल्या प्रत्येकाने आपापलं बटण दाबायचं. अर्ध्या तासाच्या भागातली पंधराच मिनिटं पाहिली, तर तो प्रेक्षक अर्धाच धरला जातो. दुपारी वाहिनीवर तोच भाग पुन्हा लागला, तर त्याचा आकडा वेगळा.

'खेड्यांना कोण विचारतो?' हे पूर्वी खरं होतं. बार्कच्या आकड्यांत ग्रामीण घरं २०१५च्या ऑक्टोबरपासून आली. पण जिजाऊंचं जन्मस्थान असलेल्या सिंदखेड राजा तालुक्यातलं अख्खं साखरखेर्डा २०१९ साली 'स्वराज्यजननी जिजामाता' या मालिकेसमोर बसलं असतं, तरी गावात मीटर नसेल तर आकडा तसूभर हलला नसता. नमुना म्हणजे शितावरून भात. पण शीत कुठलं, ते गुपित ठेवलेलं असतं. ठेवायलाच हवं, नाहीतर त्या घरांना कोणी गाठलंच म्हणून समजा. २०२०मध्ये मुंबई पोलिसांनी तसाच आरोप ठेवून गुन्हा नोंदवला होता.

हुकलेला भाग नंतर पाहणं ही काही आपलीच गोष्ट नाही. अमेरिकेत रेकॉर्ड करून पाहण्याची सवय जुनी. तिथे २००७पासून जाहिरातींचा सौदा प्रक्षेपणानंतरच्या तीन दिवसांतलं पाहणंही धरून होऊ लागला. आपल्याकडे रेकॉर्डिंगचा टप्पा बहुतेकांनी गाठलाच नाही, थेट मोबाइल हातात आला.

म्हणून घसरलेला टीआरपी म्हणजे वाहिनीचा तोटाच, असंही नाही. झी मराठी वाहिनी आणि झी५ अ‍ॅप एकाच घरचे, स्टार प्रवाह आणि जिओहॉटस्टारही तसेच. मात्र साडेआठची वेळ कोणत्या मालिकेला द्यायची, हे ठरवताना आधी उघडते ती टीआरपीचीच वही.