सूड, सत्य आणि निर्दोषत्व
निरपराध असता कारावास भोगून सुटलेल्या मनुष्याच्या मनात सूडाची व सत्यशोधाची प्रेरणा एकत्र वसते. परंतु सत्याची साधने राज्यसंस्थेच्या हाती असल्याने हा शोध त्यास एकट्यास साधत नाही. महाराष्ट्रातील २००३ सालच्या एका हत्याकांडात भटक्या जमातींतील सहा पुरुषांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशी ठोठावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. प्रत्यक्षदर्शी स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून चार निराळेच इसम ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नव्हता. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपयांच्या भरपाईबरोबरच त्या चौघांविषयी पुढील तपासाचा व दोषी अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. भरपाईने गेलेली वर्षे परत येत नाहीत. मात्र सत्यशोधाचे दायित्व राज्याने पार पाडले, तरच सूडाचे नैतिक समर्थन संपते.