पन्नास मिनिटं आणि उरलेला आठवडा

मानसोपचाराच्या पहिल्या भेटीत बहुतेकांच्या हाती आधी एक फॉर्म पडतो. नाव, वय, पत्ता, चालू असलेली औषधं, अडीअडचणीला कुणाला फोन करायचा त्याचा नंबर. महिनोन्‌ महिने मनात साठलेलं कुणापाशी तरी बोलायचंच, असा हिय्या करून आलेला माणूस या रकान्यांपुढे जरा गोंधळतो. सिनेमाने त्याला वेगळंच काही दाखवलेलं असतं: मंद दिवा, लांबलचक कोच आणि दोन वाक्यांत आयुष्याचा गुंता सोडवणारे डॉक्टर. यातला कोच खरा होता. सिग्मंड फ्रॉइडला तो १८९०च्या सुमारास एका रुग्ण बाईंनी भेट दिला. आज तो लंडनच्या फ्रॉइड म्युझियममध्ये आहे. ठाण्या-पुण्यातल्या थेरपीच्या खोलीत मात्र बहुतेक वेळा दोन खुर्च्या, एक घड्याळ आणि टिश्यू पेपरचा डबा एवढंच सामान असतं.

त्यातलं घड्याळ महत्त्वाचं. सेशन साधारण ४५ ते ६० मिनिटांचं, बहुधा आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी ठरल्या वेळी. पाऊण तास इकडचं तिकडचं बोलून उठता उठता खरा विषय काढायचा, ही अनेकांची सवय. थेरपिस्टलाही ती चांगली ठाऊक असते. तरी वेळ संपली की सेशन संपतं. नव्या माणसाला हा कोरडेपणा वाटतो. पण कितीही अवघड विषय असला तरी तो ठरावीक वेळेत उघडता येतो आणि पुन्हा मिटून घरी जाता येतं, हे अनुभवणं हाही उपचाराचाच एक भाग आहे.

त्या खुर्चीपर्यंत पोचण्याआधीचा प्रश्न म्हणजे जायचं कुणाकडे? मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर. औषधांची चिठ्ठी तो लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रातल्या पदव्युत्तर शिक्षणानंतर एम.फिल.सारखं प्रत्यक्ष रुग्णांसोबतचं प्रशिक्षण घेतात आणि त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. ‘समुपदेशक’ या पाटीमागे मात्र काहीही असू शकतं: एम.ए. आणि त्यानंतर जाणत्यांच्या देखरेखीखाली केलेलं काम, नाहीतर चार दिवसांचा ऑनलाइन कोर्स. म्हणून शिक्षण कुठे झालं, अशा तक्रारी घेऊन आलेल्यांसोबत किती काम केलंय, तुमच्या कामावर कुणी वरिष्ठ नजर ठेवतात का, हे सरळ विचारावं. यात उद्धटपणा नाही. चांगला थेरपिस्ट अशा प्रश्नांनी दुखावत नाही; आणि दुखावलाच, तर तीही उपयोगाचीच माहिती.

भाषेचाही विचार करावा. दिवसभर ऑफिसात इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला लहानपणी खाल्लेली बोलणी मराठीतच आठवतात, कुणाला अहिराणीत, कुणाला मालवणीत. ती इंग्रजीत सांगताना त्यांची धार जाते, आणि अनेकदा नेमकी ती धारच पाहायची असते.

पहिल्या एक-दोन भेटी चौकशीच्या असतात. त्रास कधीपासून आहे, आणि आत्ताच यावंसं का वाटलं? झोप, भूक, कामातलं लक्ष, दारू-तंबाखू, थायरॉइडसारखे आजार, घरात आधी कुणाला असा त्रास होता का, पूर्वी कुठे उपचार घेतले का, असं सगळं विचारलं जातं. काही ठिकाणी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची छोटी चाचणी भरून घेतात. गेल्या दोन आठवड्यांत काय काय जाणवलं, यावरून ० ते २७ असा आकडा निघतो. हा आकडा म्हणजे निदान नव्हे. पण सहा आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा भरली की काही हललं का, ते दिसतं.

एका प्रश्नाने मात्र घरचे लोक हबकतात: ‘जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं असं कधी मनात येतं का?’ असं विचारल्याने नसती कल्पना डोक्यात शिरेल, ही भीती सर्वत्र आहे आणि ती निराधार आहे. थेट विचारल्याने धोका वाढत नाही, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ज्याच्या मनात ते विचार असतात, त्याला उलट कुणीतरी विचारल्याचं हायसं वाटतं.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपर्यंत एक अपेक्षाभंग ठरलेला. ‘मॅडम, आता तुम्हीच सांगा, मी काय करू?’ असं विचारल्यावर मॅडम सांगत नाहीत. नोकरी सोडावी का, सासूबाईंपासून वेगळं व्हावं का, मुलीच्या लग्नाला होकार द्यावा का, यावर त्या प्रतिप्रश्न करतात. घरातल्या वडीलधाऱ्यांपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांकडून फुकट सल्ला मिळणाऱ्या समाजात, पैसे मोजूनही सल्ला मिळू नये हे काहींना फसवणुकीसारखं वाटतं. पण सल्ल्यांचा तुटवडा आहे म्हणून कुणी इथवर येत नाही. थेरपिस्ट विचारतो, तुम्हाला नेमकं काय बदललेलं हवंय? ‘मला बरं वाटायला हवं’ हे उत्तर पुरत नाही. ‘रात्री तीनला जाग येऊन छाती धडधडते, ते थांबायला हवं’ किंवा ‘मीटिंगमध्ये तोंड उघडता यायला हवं’, असं काही ठरलं की कामाला दिशा मिळते.

नुसतं मन मोकळं केलं की झालं, ही समजूतही जुनी आहे. ‘बोलून बरं करणं’ हा शब्दप्रयोगच मुळात एका रुग्णाचा. व्हिएन्नात १८८०च्या सुमारास डॉ. योसेफ ब्रॉयर यांच्याकडे उपचार घेणाऱ्या बेर्था पापेनहाइम या तरुणीने तो केला. तिची कहाणी पुढे ‘ॲना ओ.’ या नावाने गाजली, पण बरेचदा एक गोष्ट गाळून सांगतात: त्या उपचारानंतरही तिला बराच काळ रुग्णालयांत काढावा लागला. मोठी समाजसेविका झाली ती त्यानंतर.

न्यूयॉर्कचा अल्बर्ट एलिस फ्रॉइडच्याच पंथात शिकला आणि नुसत्या बोलण्याला कंटाळला. त्याने १९५५च्या सुमारास जी पद्धत मांडली, ती मराठी वाचकांना विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून माहीत आहे. एलिसशी पत्रव्यवहार करत कि. मो. फडके यांनी ती मुंबईत रुजवली, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली, तिथेही या विचाराचा मोठा वाटा राहिला. या पद्धतीचं बीज एलिसच्या विशीच्या उंबरठ्यावरच्या एका उद्योगात होतं. मुलींशी बोलायला तो कमालीचा लाजायचा. म्हणून एकोणिसाव्या वर्षी ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली कुणी दिसली की तिच्याशी बोलायचं, असं त्याने ठरवलं. त्याच्याच सांगण्यानुसार १३० जणींपैकी ३० जणी उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं, एकीने भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. कुणी पोलीस बोलावले नाहीत, आकाश कोसळलं नाही. भीती मात्र गेली. (आजच्या काळात हा गृहपाठ कुणी देणार नाही, हे बरंच आहे.)

गृहपाठ हा शब्द शाळेतला असला तरी थेरपीत तो सर्रास चालतो. आठवड्याला १६८ तास असतात. त्यातला एक खोलीत जातो, आणि बदल घडायचा तो उरलेल्या तासांत. काय विचार मनात आला, तेव्हा काय वाटलं, मग काय केलं, हे वहीत उतरवायचं. लिफ्टची भीती असेल, तर आधी नुसतं लिफ्टसमोर उभं राहायचं. पुढच्या वेळी वही कोरीच निघाली तरी कुणी ओरडत नाही. ती कोरी का राहिली, हाच त्या दिवशीचा विषय होतो.

याचं आपल्या जवळचं उदाहरण गोव्यात सापडतं. ‘संगाथ’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याने ग्रासलेल्या सुमारे पाचशे लोकांसोबत एक चाचणी केली. निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. उपचार देणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. त्या कामाचं खास प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती, आणि सेशनची ध्वनिमुद्रणं ऐकून ती एकमेकांचं काम तपासत. सेशन सहा ते आठ, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाचं. भर एकाच गोष्टीवर: नैराश्यात माणूस ज्या ज्या गोष्टी सोडून देतो, त्यातल्या छोट्या छोट्या पुन्हा सुरू करायच्या. सकाळी बाजारात जाणं, शेजारणीशी दोन शब्द बोलणं, झाडांना पाणी घालणं. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं. नेहमीचेच उपचार थोडे सुधारून मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. हे वाचून कुणी बागेला पाणी घालायला धावू नये. काय, कधी आणि किती हे प्रत्येकासोबत बसून ठरवलं होतं, आणि नाही जमलं तर का, याची विचारपूस करायला कुणीतरी पुन्हा येत होतं.

गुप्ततेबद्दल पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलणं व्हायला हवं. ‘आमची सून काय सांगते हो तुम्हाला?’ असा फोन थेरपिस्टला येतोच. उत्तर असतं, सांगता येणार नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याला अपवाद आहेत: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाने आदेश दिला असेल, किंवा लहान मुलावरचा लैंगिक अत्याचार उघड झाला असेल, पॉक्सो कायद्याने तो कळवणं बंधनकारकच आहे. ऑनलाइन सेशनमध्ये गुप्ततेचं अर्धं ओझं मात्र स्वतःवर येतं. वन बीएचकेमध्ये राहणारे लोक त्यासाठी गच्चीवर जातात, नाहीतर पार्क केलेल्या गाडीत काचा वर करून बसतात.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्रास वाढल्यासारखा वाटू शकतो. सेशनहून आल्यावर थकवा, रडू, कुणाशी बोलू नये असं वाटणं हे नेहमीचंच. पण ‘आधी वाईट वाटणारच’ या पांघरुणाखाली सगळं झाकू नये. थेरपीने ज्यांची अवस्था बिघडते असे लोकही असतात, शंभरात पाच ते दहा. ६६९ अभ्यास एकत्र करून २०१२ साली झालेल्या पाहणीत पाचातला एक जण उपचार अर्ध्यावर सोडतो असं दिसलं. आपल्याकडे सोडण्याची रीतही ठरलेली आहे: ‘पाहुणे आलेत’ असा मेसेज पाठवायचा आणि मग फोन उचलायचा नाही. त्याऐवजी ‘गेल्या वेळचं तुमचं बोलणं मला लागलं’ किंवा ‘आपण जागच्या जागी फिरतोय असं वाटतंय’, हे थेरपिस्टला तोंडावर सांगितलं, तर पुष्कळदा तिथूनच खरं काम सुरू होतं. सांगूनही काही बदललं नाही, तर थेरपिस्ट बदलावा.

किती दिवस लागतील? अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या विश्लेषणात आठ सेशनपर्यंत निम्म्या लोकांत आणि २६ सेशनपर्यंत पाऊणएक लोकांत सुधारणा दिसली होती. लहानपणापासूनचे घाव असतील, तर याहून जास्त वेळ लागतो.

आणि पैसे? शहरांतल्या खासगी थेरपिस्टची फी दर आठवड्याला परवडेलच असं नाही. २०१७च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरायला लावले. पण बहुतेक पॉलिसी मुळात रुग्णालयात दाखल झाल्याचा खर्च देतात, त्यामुळे सेशनची फी खिशातूनच जाते. काही जण ऐपत पाहून फी कमी करतात, मात्र ते विचारावं लागतं. सरकारी रुग्णालयांच्या मनोविकार विभागात खर्च नाममात्र असतो. २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, मोफत बोलता येतं.

थेरपी संपते तीही बेतानेच. आठवड्याच्या भेटी पंधरवड्यावर जातात, मग महिन्यावर. त्रास पुन्हा डोकं वर काढू लागला तर आधी काय दिसेल (झोप बिघडेल, फोन टाळले जातील, चिडचिड वाढेल) आणि तेव्हा काय करायचं, हे शेवटच्या भेटींत लिहून काढतात. तीन-चार महिन्यांनी एखादी भेट ठेवण्याचीही पद्धत आहे. त्या भेटीची फी आणि ऐनवेळी ती रद्द करावी लागली तर काय, हे आधीच विचारून घ्यावं.