पैगंबरांचे परंपरागत चरित्र आणि पाश्चात्य वाचक

तथागतांचे चरित्र युरोप-अमेरिकेतील सामान्य वाचकांच्या घरापर्यंत पोहोचविले ते एडविन अर्नोल्ड यांच्या 'द लाइट ऑफ एशिया' या १८७९ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घकाव्याने. पुण्याच्या सरकारी महाविद्यालयाचे प्राचार्यपद काही वर्षे सांभाळलेल्या या इंग्रज कवीने बौद्ध परंपरेतील कथा घेतल्या आणि आपल्या वाचकांच्या अभिरुचीप्रमाणे त्या गुंफल्या. त्या मूळ कोणत्या ग्रंथात आणि कोणत्या काळी आल्या, हे मात्र काव्याबाहेर राहिले. त्या काव्यातील बुद्ध आणि निकायांतील बुद्ध यांत किती अंतर आहे, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. परक्या वाचकासाठी लिहिलेल्या धर्मसंस्थापकाच्या चरित्रात काय येते आणि काय गळते, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस जवळचा वाटतो. प्रस्तुत लेखात तो इस्लामचे प्रेषित महंमद यांच्या चरित्रग्रंथांच्या संदर्भात मांडावयाचा आहे.

महंमद पैगंबरांचे देहावसान इ. स. ६३२ मध्ये मदीना येथे झाले. त्यांच्या चरित्राला अरबीत 'सीरा' म्हणतात आणि त्यातील मोहिमांच्या वृत्तान्ताला 'मगाझी' म्हणतात. आज उपलब्ध असलेल्या सीराग्रंथांत पायाभूत ग्रंथ आहे तो इब्न इस्हाक याचा. इब्न इस्हाक मदीनेत सुमारे ७०४ मध्ये जन्मला आणि बगदादमध्ये सुमारे ७६७ मध्ये वारला. म्हणजे पैगंबरांच्या निधनानंतर शंभराहून अधिक वर्षांनी हा ग्रंथ सिद्ध झाला. त्याचा आजोबा इराकमधील एका लढाईत कैद होऊन मदीनेस आणला गेलेला होता. अशा कैद्यांच्या वंशजांना, मुक्त झाल्यावरही, एखाद्या अरब टोळीच्या आश्रयाने राहावे लागे. त्यांना 'मवाली' म्हणत. (मराठीत या शब्दाची जी गत झाली ती वाचकांस ठाऊक आहेच, शब्दही आपल्या मालकांची दृष्टी घेऊन प्रवास करतात.) इब्न इस्हाक मवाली होता. मोहिमांचा इतिहास लिहिणारा वाकिदी मवाली होता, त्याचा लेखनिक इब्न साद मवाली होता, आणि येमेनमध्ये जाऊन राहिलेला मअमर इब्न राशिद हाही मवालीच. अरब कुलीनतेच्या समाजात ज्यांना जन्माने दुय्यम स्थान होते, त्यांनीच पैगंबरांच्या आठवणी गोळा केल्या व जतन केल्या. या गोष्टीकडे सामान्यतः फारसे लक्ष दिले जात नाही.

हे ग्रंथ आजच्या अर्थाने सलग चरित्रे नव्हेत. त्यांचा घटक आहे एकेक वृत्तान्त, आणि प्रत्येक वृत्तान्ताच्या आरंभी सांगणाऱ्यांची साखळी असते : मला अमक्याने सांगितले, त्याला तमक्याने, त्याने ते पैगंबरांच्या अमुक सहचराकडून ऐकले. या साखळीला 'इस्नाद' म्हणतात. सुत्तांच्या आरंभी 'असे मी ऐकले' या अर्थाचे शब्द येतात, त्याची येथे आठवण होते. भेद एवढाच की, सुत्तात ऐकणारा एक आहे. इस्नादमध्ये मधले सर्व दुवे नावानिशी मोजून दिलेले असतात. एकाच घटनेचे दोन-तीन परस्परविरोधी वृत्तान्त लागोपाठ दिलेले असतात, आणि पुष्कळदा संकलक त्यांत निवड करीत नाही. ज्या कथेची त्याला खात्री नाही तिच्या आधी तो 'असे लोक सांगतात' अशा अर्थाचे शब्द घालतो. खरे काय ते ईश्वरच जाणे, असेही म्हणतो.

एक उदाहरण पाहू. पैगंबर पोटात असताना माता आमिना हिने एक वाणी ऐकली आणि तिच्यातून निघालेल्या प्रकाशात तिला सीरियातील बुस्रा नगरीचे किल्ले दिसले, अशी कथा आहे. इब्न इस्हाक ती देतो; परंतु लोकांत असे बोलले जाते, सत्य ईश्वरास ठाऊक, अशी पुस्ती जोडून देतो. बालवयातील महंमदांना व्यापारी तांड्यात पाहून बहीरा नावाच्या ख्रिस्ती साधूने त्यांचे भवितव्य ओळखले, ही कथा सांगतानाही तो 'असे सांगतात' हे शब्द मध्येच पुनःपुन्हा पेरतो. महामायेच्या स्वप्नाची आणि असिताच्या भाकिताची कथा वाचलेल्यास या कथांचा घाट परिचित वाटेल. आमच्या मते येथे लक्षणीय आहे ती संकलकाची सावधगिरी. तो श्रद्धावान मुसलमान होता, आणि तरीही ऐकीव गोष्टीला त्याने ऐकीवच म्हटले.

इब्न इस्हाकचा ग्रंथ त्याच्या मूळ रूपात आज उपलब्ध नाही. तो आपल्यापर्यंत आला मुख्यतः इब्न हिशाम याच्या संपादनातून. हा संपादक नवव्या शतकाच्या पूर्वार्धात इजिप्तमध्ये वारला. त्याने ग्रंथाला कात्री लावली, पण ती लपवून नव्हे. आरंभीच तो सांगतो की, पैगंबरांशी संबंध नसलेला भाग, जाणकारांना अपरिचित असलेली काव्ये, ज्यांचा उच्चार करणे अशोभनीय वा काही लोकांना क्लेशकारक होईल अशा गोष्टी, आणि आपल्या गुरूने ज्यांची खात्री दिली नाही असे वृत्तान्त आपण गाळले आहेत. गाळलेल्या भागापैकी पुष्कळसा ९२३ साली वारलेल्या तबरीच्या विशाल इतिहासग्रंथात टिकून राहिला. पहिल्या साक्षात्कारानंतर पैगंबरांना वाटलेली भीती आणि त्यांच्या मनाची झालेली तीव्र घालमेल यांचे जे वर्णन इब्न इस्हाकने दिले होते, ते इब्न हिशामच्या प्रतीत नाही, तबरीकडे आहे. तबरीची भूमिकाही स्वच्छ आहे. वाचकास एखादा वृत्तान्त विपरीत वाटला तर तो आमच्या पदरचा नव्हे, ज्यांनी तो आम्हांपर्यंत आणला त्यांचा आहे, अशा आशयाचे निवेदन तो ग्रंथाच्या प्रस्तावनेतच करतो.

आता पाश्चात्य वाचकाकडे वळू. युरोपात १६९७ साली हम्फ्री प्रीडो या इंग्रज धर्मगुरूने पैगंबरांचे चरित्र लिहिले, तेव्हा त्याचा हेतू शीर्षकातच स्पष्ट होता : त्याला भोंदूगिरीचा नमुना दाखवावयाचा होता. १८४० मध्ये टॉमस कार्लाइल यांनी लंडनच्या व्याख्यानात पैगंबरांना प्रामाणिक महापुरुष म्हटले, तेव्हा वारे थोडे बदलले. परंतु मूळ अरबी ग्रंथ युरोपीय अभ्यासकांच्या हाती खऱ्या अर्थाने येऊ लागले ते त्यानंतरच, आणि त्यात भारताचा वाटा मोठा आहे. वाकिदीच्या ग्रंथाचा काही भाग फोन क्रेमर यांनी १८५५-५६ मध्ये कलकत्त्यास छापविला. इब्न सादच्या ग्रंथाचे एक हस्तलिखित श्प्रेंगर यांना कानपुरात सापडले. याच साधनांवर विल्यम म्यूर यांनी १८५८ ते १८६१ या काळात आपले चार खंडी चरित्र प्रसिद्ध केले. म्यूर हे कंपनी सरकारचे अधिकारी होते आणि फांडर या मिशनऱ्याच्या आग्रहावरून त्यांनी लेखणी उचलली होती. त्यांची विद्वत्ता नाकारता येत नाही. पण त्यांची एक कसोटी अशी होती की, पैगंबरांना कमीपणा आणणारा वृत्तान्त अनुयायी रचणार नाहीत, म्हणून तो अधिक विश्वसनीय मानावा. ही कसोटी वरवर तर्कशुद्ध दिसते. परंतु आरंभीच्या मुसलमानांतही पक्ष होते, कुळांची वैरे होती, आणि कोणता वृत्तान्त कोणाच्या सोयीचा होता हे साखळीतील नावे तपासल्यावाचून कळत नाही.

म्यूरना उत्तर दिले सर सय्यद अहमद खान यांनी. ते तेव्हा सरकारी न्यायखात्यात नोकरीस होते, आणि म्यूर त्यांच्याच प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले होते! १८६९ मध्ये सर सय्यद लंडनला गेले, तेथील ग्रंथालयांतून साधने जमविली, पदरचा पैसा घातला, कर्ज काढले आणि १८७० मध्ये आपले निबंध इंग्रजीत प्रसिद्ध केले. आपल्या धर्मसंस्थापकाविषयी राज्यकर्त्याने लिहिलेले पुस्तक शासितांपैकी एकाने राज्यकर्त्याच्याच भाषेत आणि पुराव्याच्या आधारे तपासावे, ही घटना आम्हांस मोलाची वाटते. पुढे १८७३ मध्ये सय्यद अमीर अली यांनी हाच मार्ग धरला. याच शतकात महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले यांनी 'मानव महंमद' या काव्यातून पैगंबरांकडे पाहिले. त्यांचा वाचक पाश्चात्य नव्हता, पण शीर्षकातील 'मानव' हा शब्दच पुरेसा बोलका आहे.

विसाव्या शतकात पाश्चात्य वाचकासाठी परंपरेला दोन प्रकारांनी पुढे आणले गेले. पहिला प्रकार भाषांतराचा. आल्फ्रेड गियोम यांनी १९५५ मध्ये इब्न इस्हाकचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. इब्न हिशामने गाळलेला व तबरीने राखलेला मजकूर त्यांनी वेगळी खूण करून मूळ जागी बसविला आणि इब्न हिशामच्या टिपा ग्रंथाच्या शेवटी दिल्या. 'असे सांगतात' या शब्दांचे महत्त्व त्यांनी प्रस्तावनेत स्वतंत्रपणे विशद केले. या भाषांतरात चुका आहेत. तिबावी या अरब विद्वानाने पुढच्याच वर्षी त्या दाखवून दिल्या. शिवाय वंशावळी, मृतांच्या याद्या व काव्ये यांनी भरलेला हा जाड ग्रंथ सामान्य वाचक शेवटापर्यंत वाचील अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

दुसरा प्रकार पुनर्कथनाचा, आणि त्याचा सर्वांत यशस्वी नमुना म्हणजे मार्टिन लिंग्ज यांचा १९८३ साली प्रसिद्ध झालेला चरित्रग्रंथ. लिंग्ज (१९०९-२००५) हे इंग्रज. तरुणपणी त्यांनी इस्लाम स्वीकारला, कैरोत इंग्रजी वाङ्मय शिकविले आणि पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये अरबी हस्तलिखितांच्या विभागात काम केले. आपले चरित्र प्राचीनतम साधनांवर आधारलेले आहे, असे ते शीर्षकातच सांगतात आणि ते खरेही आहे. इब्न इस्हाक, वाकिदी, इब्न साद व हदीससंग्रह यांतून त्यांनी वेचलेले धागे लहान लहान प्रकरणांत इतक्या कुशलतेने विणले आहेत की, वाचक कोठे अडखळत नाही. त्यांची इंग्रजी किंचित जुन्या वळणाची व गंभीर आहे. आधुनिक लेखकाची टीकाटिप्पणी जवळजवळ नाही. मुसलमान आपल्या पैगंबरांची आठवण कोणत्या भावनेने जपतो, हे बाहेरच्या माणसाला कळण्यास याहून चांगले पुस्तक इंग्रजीत आमच्या पाहण्यात नाही.

आणि तरीही येथेच आमची अडचण सुरू होते. लिंग्ज यांनी साखळ्या काढून टाकल्या आहेत. उरले आहेत तळटिपांतील त्रोटक संक्षेप. आमिनेचा प्रकाश आणि बहीराची भेट त्यांच्या ग्रंथात सरळ घडलेल्या घटना म्हणून येतात. इब्न इस्हाकने घातलेले 'असे सांगतात' हे शब्द कथनातून नाहीसे झाले आहेत. अधिक बोलके उदाहरण ६३० सालच्या मक्काविजयाचे आहे. काबागृहाच्या आतील भिंतींवर चित्रे होती. लिंग्ज सांगतात की, पैगंबरांनी मरियम व बाल ईसा यांच्या चित्रावर रक्षणार्थ हात ठेवला आणि ते व इब्राहीमचे चित्र वगळून बाकीची पुसावयास सांगितली. याला वाकिदी आणि मक्केचा इतिहासकार अझ्रकी यांचा आधार आहे, हे निर्विवाद. परंतु बुखारीच्या संग्रहात, कौल लावण्याचे बाण हाती दिलेल्या इब्राहीम व इस्माईल यांच्या प्रतिमाही बाहेर काढविल्या असे येते. इब्न हिशामही सर्व चित्रे नष्ट करविल्याचे नोंदवितो. परंपरेने हे सर्व वृत्तान्त शेजारी शेजारी ठेवले. लिंग्ज यांच्या मुख्य कथनात एकच उरतो; इतरांची जागा फार तर तळटिपेत. योगायोगाने, ख्रिस्ती संस्कारांत वाढलेल्या वाचकाला सर्वांत प्रिय वाटावा असाच तो आहे. लिंग्ज यांनी हे मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. सलग कथा सांगावयाची तर निवड करावीच लागते, आणि ती करताना लेखकाच्या डोळ्यांपुढे आपला वाचक असतोच.

म्यूर आणि लिंग्ज यांचे हेतू परस्परविरुद्ध आहेत. एकाला दोष दाखवावयाचे होते, दुसऱ्याला प्रेम जागवावयाचे होते. म्यूरनी वृत्तान्ताची साक्ष त्याच्या आशयावरून तोलली, लिंग्जनी साक्षीदारांना पडद्याआड नेले. दोन्ही ठिकाणी साखळीतील माणसे मागे पडली. साखळी ही परंपरेची स्वतःची चिकित्सा होती. ती गेली की वाचकाजवळ लेखकावर विश्वास ठेवणे किंवा न ठेवणे एवढेच उरते. सलमान रश्दी प्रकरणानंतर, १९९१ मध्ये, कॅरन आर्मस्ट्राँग यांनी पाश्चात्यांची पैगंबरांविषयीची विकृत कल्पना दूर करण्याच्या सद्हेतूने चरित्र लिहिले, तेव्हाही त्यांच्या वाचकापुढे हाच पर्याय होता. आपल्या देशातही पैगंबरांच्या चरित्रातील एखादे वाक्य सुटे काढून त्यावर भांडणे पेटविली जातात. ते वाक्य कोणाच्या तोंडचे आहे, त्याच्या शेजारी दुसरा कोणता वृत्तान्त आहे, हे भांडणाऱ्या दोन्ही बाजूंस सहसा ठाऊक नसते.

विद्यापीठीय जगात १९७७ मध्ये पॅट्रिशिया क्रोन व मायकेल कुक यांनी या सर्व परंपरेलाच ऐतिहासिक पुरावा म्हणून नाकारण्याची टोकाची भूमिका घेतली होती. तिला उत्तर मिळाले ते साखळ्यांतूनच : हाराल्ड मोत्स्की, ग्रेगोर शोलर प्रभृतींनी एकाच वृत्तान्ताच्या अनेक साखळ्या व पाठभेद ताडून पाहिले आणि काही वृत्तान्त इब्न इस्हाकच्याही आधीच्या पिढ्यांपर्यंत नेता येतात असे दाखविले. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही.

इंग्रजी वाचणाऱ्यास आता साधनांची वाण नाही. तबरीच्या इतिहासाचे चाळीस खंडांचे भाषांतर २००७ मध्ये पूर्ण झाले असून त्याचे सहा ते नऊ हे खंड पैगंबरांच्या जीवनास वाहिलेले आहेत. वाकिदीचे भाषांतर रिझवी फैझर यांच्या संपादनाखाली २०११ मध्ये आले. मअमर इब्न राशिदचा छोटेखानी मगाझीग्रंथ शॉन अँथनी यांनी २०१४ मध्ये समोरासमोर अरबी मूळ ठेवून, साखळ्यांसह, प्रसिद्ध केला आहे; आरंभ करावयास तो सोयीचा. ज्यांना एकच प्रयोग करून पाहावयाचा आहे, त्यांनी प्रथम लिंग्ज यांचे मक्काविजयाचे प्रकरण वाचावे, आणि मग वाकिदी, गियोमकृत भाषांतरातील त्याच प्रसंगाचा भाग व शेवटची इब्न हिशामची टीप, आणि बुखारीतील नोंद ही क्रमाने शेजारी ठेवून काबागृहातील त्या भिंतीकडे पुन्हा एकदा पाहावे.