बी.एड. झाली, नोकरी कुठे आहे?

असरची नमाज आटोपून मी वह्या तपासायला बसले होते. इतक्यात इंद्रलोकमधल्या आमच्याच इमारतीतली एक मुलगी आणि तिची अम्मी दारात उभ्या. मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. हातात प्लास्टिकची फाइल, त्यात बी.ए. आणि बी.एड.च्या गुणपत्रिका.

"टीचर, मला लहान मुलांनाच शिकवायचं होतं. पण पहिली ते पाचवीसाठी माझी बी.एड. चालत नाही म्हणतात. असं कसं?"

तिची अम्मी म्हणाली, "मॅडम, दोन वर्षं घरी बसून दागिन्यांना खडे चिकटवले तेव्हा फी भरली. आता नातेवाईक विचारतात, मुलीला शिकवून काय मिळवलंत?"

हा प्रश्न त्या एका घरापुरता नाही. आपल्या मुली आज मोठ्या संख्येने बी.एड.कडे वळतात. शाळेची वेळ सोयीची, कामाला इज्जत, घरचेही खुशीने परवानगी देतात. पण ही पदवी नेमकं कोणतं दार उघडते, हे प्रवेश घेताना फार थोडे लोक विचारतात.

या मुलीने प्रवेश घेतला 2022 साली. त्या वेळी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची, म्हणजे एनसीटीईची, 28 जून 2018 ची अधिसूचना होती. बी.एड. झालेल्यांनाही पहिली ते पाचवीसाठी पात्र धरावे, नेमणुकीनंतर त्यांनी सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम करावा, असे तीत म्हटले होते. ही मुलगी बी.एड. करत असतानाच, 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद चुकीची ठरवली. लहान मुलांना शिकवण्याचे प्रशिक्षण वेगळे असते आणि ते डी.एल.एड.मध्ये (जुन्या डी.एड.मध्ये) मिळते, अशी न्यायालयाची भूमिका होती. कायद्याच्या दृष्टीने निर्णय समजण्यासारखा आहे. पण अर्धी फी भरून झालेल्या मुलींना हे वर्गात कुणी समजावून सांगितले नाही.

मी तिला म्हटलं, "बेटी, एक दार बंद झालंय, सगळी नाहीत." मग कागदावर लिहून दिलं. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरचा दोन वर्षांचा डी.एल.एड. आणि टीईटीचा पेपर एक. सहावी ते आठवीसाठी पदवीसह बी.एड. आणि टीईटीचा पेपर दोन. नववी-दहावीसाठी त्या विषयाची पदवी आणि बी.एड. म्हणजे तिची वाट पेपर दोनची आहे. आणि तो पेपर तिने अजून दिलेलाच नव्हता! पदवी मिळाली की नोकरी मिळते, असेच घरात सगळ्यांना वाटत होते.

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा डिसेंबर 2013 मध्ये झाली. 150 गुणांचा पेपर, उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या प्रवर्गाला 60 टक्के, म्हणजे 90 गुण. उर्दू माध्यमातूनही ती देता येते. पूर्वी या प्रमाणपत्राची मुदत सात वर्षे होती. 2021 मध्ये ते कायमचे ग्राह्य धरण्याचा निर्णय झाला. त्यामुळे एकदा केलेली मेहनत वाया जात नाही.

पण टीईटी ही केवळ पात्रता. जिल्हा परिषद, महापालिका आणि अनेक अनुदानित शाळांची भरती पवित्र पोर्टलवरून होते आणि त्यासाठी टेट ही अभियोग्यता चाचणी द्यावी लागते. टेट 200 गुणांची आहे. तिच्यात पास-नापास नसते. जितके गुण जास्त, तितका क्रमांक वर. खरी अडचण प्रतीक्षेची आहे. पहिली टेट डिसेंबर 2017 मध्ये झाली, दुसरी थेट 2023 मध्ये आणि तिसरी 2025 मध्ये. 2018 साली बी.एड. झालेल्या मुलीने पाच वर्षे काय करायचे? बहुतेक जणी तुटपुंज्या पगारावर खासगी शाळेत राबतात, काहींची लग्नं होतात आणि फाइल कपाटात जाते.

अशा वेळी आडवाटेचा मोह होतो. 2019-20 च्या टीईटीत पैसे देऊन गुण वाढवल्याचे उघड झाले आणि साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांचे निकाल रद्द झाले. पैसा गेला, अब्रू गेली. हराम मार्गाने मिळालेल्या नोकरीत बरकत कशी असेल? रिझ्क अल्लाहच्या हाती आहे, पण तदबीर आपल्याला करायची आहे, आणि तीही हलाल.

हे सगळं सांगताना मी स्वतः सुटलेली नाही. मी नोकरीला लागले तेव्हा टीईटी नव्हतीच. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या पहिली ते आठवीच्या कार्यरत शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. या खटल्यात आपल्या राज्यातील अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट पक्षकार होती. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपवला. माझी शाळा अल्पसंख्याक संस्थेची आहे. स्टाफरूममध्ये बरेच जण म्हणतात, आपल्याला कशाला घाई? मी मात्र पुस्तकं काढली आहेत. विशीतल्या मुलीला "परीक्षा दे" म्हणायचे आणि आपण मागे राहायचे, हे मनाला पटेना.

ज्या घरात बारावी किंवा पदवीची मुलं-मुली आहेत, त्यांनी फी भरण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. ही पदवी कोणत्या इयत्तेसाठी चालते? तिच्यानंतर कोणती परीक्षा आहे? कॉलेजला एनसीटीईची मान्यता आहे का? आणि फीमध्ये सवलत मिळते का? हा शेवटचा प्रश्न आपण विसरतो. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातील मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला ही सवलत नाही. तांबोळी, पिंजारी, बागवान अशा आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत आहेत. इतरांना ईडब्ल्यूएसचा दाखला काढता येतो. दाखले दहावीनंतरच्या सुट्टीतच काढून ठेवावेत. प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करून ते हाती येत नाहीत.

ती मुलगी आता दर शुक्रवारी मगरिबनंतर माझ्याकडे येते. बालमानसशास्त्राचे प्रश्न मी तिला विचारते, गणिताचे ती मला. परवा सराव पेपरात तिला 94 गुण पडले, मला 87. तिची अम्मी चहाचा कप ठेवत म्हणाली, "मॅडम, तुम्हालाही मेहनत करावी लागणार!"

खरंच आहे. इन्शाअल्लाह, दोघी मिळून करू.